आत्यांचे गुडघे

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. माझी सासू काही माझी खरी आत्या नव्हती, आणि लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्यांनी मला ते विसरूही दिलं नाही. भाकरी जाड झाली की, "ही भाकर हाय का मेंढराचं खूर?" असं शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं विचारायच्या. मीही कमी नव्हते, तोंडाला तोंड द्यायचे. पण नवरा रांजणगावच्या कंपनीत पाळीवर. घरी आला की जेवायचा आणि आडवा व्हायचा. त्यामुळं भांडायला आणि मनातलं सांगायला आम्हा दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

आमचं गाव तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडं, उसाचं आणि तरकारीचं. आत्यांची निम्मी जिंदगी मेंढरांमागं गेलेली. दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत वर यायचं. बिऱ्हाड घोड्यावर, बाई पायी. मी नांदायला आले तेव्हा मेंढरं विकून शेत धरलं होतं आणि आत्या दिवसभर उकिडव्या बसून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या. त्यांच्यासारखी घट्ट आणि सारखी जुडी आसपास कुणाची नसे. उठताना मात्र दोन्ही गुडघ्यांवर हात रेटून "आय गं" करायच्या, आणि आम्ही सगळे त्यांची नक्कल करून हसायचो. त्या वयात बायकांचे गुडघे दुखतातच, त्यात काय एवढं, असं आम्हाला वाटे.

नवऱ्याची नोकरी कायम झाली त्या वर्षी त्यानं घरामागं संडास बांधायला काढला. तोवर आम्ही बायका पहाटे ओढ्याकडं जायचो. आत्या हल्ली सगळ्यांच्या आधी, एकट्याच निघायच्या. त्यांना बसायला-उठायला बाभळीचं खोड धरावं लागत होतं आणि ते कुणी बघू नये असं त्यांना वाटत होतं, हे मला फार उशिरा कळलं. बांधायला आलेला गवंडी कंपनीतल्या साहेबांच्या बंगल्यांवर काम केलेला होता. तो म्हणाला, "म्हातारं माणूस हाय घरात, तर खुर्चीवानी भांडं बसवा. लई सोपं पडतंय."

मला हसू आवरेना. "खुर्चीवर बसून कुणाला व्हतंय का? तिथं काय मीटिंग भरवायची हाय?" असं मी म्हणाले. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं आत्या हसल्या. मग साधं, खाली बसायचं भांडं बसलं, निळ्या फरशा लागल्या आणि नवऱ्यानं अख्ख्या आळीला बोलावून संडास दाखवला.

महिनाही झाला नसेल. एका सकाळी मी गोठ्यात शेण भरत होते, तेवढ्यात आतून बारीक हाक आली, "पोरी, मला उठता येईना." कडी आतून लावलेली. त्या कशाबशा फरशीवरून सरकत दाराशी आल्या, कडी काढली, आणि मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्यांचं नेसूचं भिजलं होतं. मी ते धुवायला घेतलं तर हातातून ओढून घेतलं त्यांनी.

"ह्याला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. ह्याला म्हणजे लेकाला. "केवढ्या हौसेनं बांधलंय त्यानं."

"मग ते खुर्चीवालं बसवून घेऊ की आत्या."

"तूच हसली व्हतीस ना?"

मग त्यांनी मला त्यांच्या गळ्याची शपथ घातली. मी मेंढरं कोंडायच्या जाळीची जुनी दोरी माळ्यावरून काढली आणि संडासातल्या खिडकीच्या गजाला बांधली, म्हणजे ती धरून त्यांना उठता येईल. नवऱ्यानं विचारलं तर कपडे अडकवायला बांधलीय म्हणून सांगितलं. मला त्या दिवशी स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

दोरीनं फार दिवस भागलं नाही. मग आत्यांनी दुसरा उपाय काढला. त्यांच्या उशाला मी भरून ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला दिसू लागला. पाणीच प्यायलं नाही की जावं लागत नाही, असा सरळ हिशोब. जेवणही निम्म्यावर आणलं. ओठ सुकलेले असायचे. मी मागं लागायचे, "आत्या, पाणी प्या, घोटभर तरी प्या," आणि त्या म्हणायच्या, "तू तुझं बघ."

वरवंडला दिलेल्या नणंदेनं दौंडच्या एका हाडाच्या डॉक्टरांचं सांगितलं, म्हणून नवऱ्यानं रजा टाकली आणि आम्ही तिघं गेलो. डॉक्टर चांगले होते, घाई नसलेले. आधी त्यांनी आत्यांना चालायला लावलं. पाय गुडघ्यात बाहेरच्या अंगाला वाकले होते, आणि आत्या बदकासारख्या झुलत चालल्या. मग त्यांनी गुडघ्यावर तळवा ठेवून पाय वाकवला. आतली करकर मला स्टुलावर बसल्या जागी ऐकू आली. उभं करून फोटो काढला आणि तो उजेडाला धरून दाखवला. दोन हाडांच्या मध्ये गादी असते, ती आतल्या बाजूनं झिजून हाडाला हाड लागत होतं. मेंढरांमागं चालून झालं असेल, असं नवरा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "चालण्यानं नाही हो. वय, वजन, बाईची पाळी गेल्यानंतरचं शरीर, आणि वर्षानुवर्षं उकिडवं बसणं. चालायला घाबरू नका, उलट बसून राहिलात तर मांडीची ताकद जाईल." त्यांनी टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबून धरायचा व्यायाम शिकवला, काठी घ्यायला सांगितली.

मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "संडासला खाली बसता-उठता येतं का?"

"येतं की," आत्या म्हणाल्या. "का न्हाई येणार?"

"येत असेल तर ऑपरेशनची घाई नको. ज्या दिवशी ते जमेना झालं त्या दिवशी या. पुण्याला पाठवतो, सांधा बदलता येतो. तब्येत धडधाकट आहे तोवर ते करून घेतलेलं बरं असतं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "काय सूनबाई, येतं ना बसता?"

नवरा माझ्या शेजारी बसला होता. आत्या माझ्याकडं बघतही नव्हत्या, समोरच्या भिंतीकडं बघत होत्या. मी "हो" म्हणाले.

शपथेमुळं म्हणाले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते सगळं खरं नाही. खरं बोलले असते तर गवंड्याचं बोलणं निघालं असतं, माझं हसणं निघालं असतं, ती दोरी निघाली असती. मला माझी लाज वाटली, आणि माझी लाज मी आत्यांच्या गुडघ्यांपेक्षा मोठी धरली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "दुखेल तेव्हाच घ्यायच्या, जेवून घ्यायच्या, आणि वर पाणी भरपूर. रोज खाल्ल्या तर किडनीला लागतात." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. गुंडाळीचा व्यायाम आठ दिवस झाला, मग "हा काय पोरखेळ" म्हणून सुटला. काठीला त्यांनी हात लावला नाही. लेकानं कौतुकानं त्यांचं जुड्या बांधणं बंद केलं, "आई, आता तू नुसतं बसून खायचं," आणि त्यांना खाटेवर बसवलं. राहिल्या त्या गोळ्या. गोळी घेतली की दोन तास तरी दोरी धरून उठता यायचं, म्हणून त्या रोज घ्यायच्या, सकाळी आणि संध्याकाळी. बाजाराच्या दिवशी तळेगावच्या मेडिकलमधून पाकिटं मीच आणायचे. पाण्याचा तांब्या भरलेलाच असायचा.

असं दोन-तीन वर्षं चाललं. मग त्यांचे डोळे सकाळी सुजू लागले. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा. गुडघ्याची सूज खाली उतरली असं आम्ही समजलो. शिरूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा किडन्या बसल्या होत्या. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी गुडघ्यांकडं धड पाहिलंसुद्धा नाही. या किडनीवर भूल देता येणार नाही, सांधा बदलायचा विचारच सोडा, म्हणाले. नवरा त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "पण असं एकदम कसं झालं?" मी खाली मान घालून पिशवीत रिपोर्ट भरत होते.

मग घरी खाटेशेजारी भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आली. आत्या तिच्यावर एकदाही लाजल्या नाहीत. पहिल्याच दिवशी तिचे हात चाचपून म्हणाल्या, "बरी हाय की गं ही." मी मागच्या दारी जाऊन रडले.

आता पाणी मोजून द्यायचं होतं. दिवसाला एक लहान तांब्या, त्यातच गोळ्या आणि चहा. नाहीतर ते छातीत भरेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो उन्हाळा होता आणि आत्यांच्या घशाला कोरड पडायची. जन्मभर कुणापुढं हात न पसरलेली बाई दुपारभर माझ्याकडं पाणी मागायची. मी ओला कपडा ओठांवर फिरवायचे, आणि त्या तो कपडा चोखायच्या.

शेवटच्या आठवड्यात एकदा नवरा खाटेशी बसून त्यांचे पाय चेपत होता. आत्यांनी तांब्याकडं हात केला. मी नाही म्हणाले.

"तवा तर मागं लागायचीस," त्या म्हणाल्या, "पाणी प्या, आत्या, पाणी प्या म्हणून. आन् आता देईनास व्हय?"

नवऱ्यानं मान वर केली. "कवाचं म्हणतीया आई?"

"काही न्हाई," मी म्हणाले आणि तांब्या उचलून वर फळीवर ठेवला.