उणे छप्पन्न

स्क्रीनवर सात नंबरच्या सेन्सरचं तापमान दिसत होतं: उणे छप्पन्न. दिग्रसमध्ये, मार्च महिन्यात, दुपारी. शेजारी लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘सेन्सर फॉल्ट’.

“केबल तुटली असन,” राठोड म्हणाले. ते जिनिंगचे मॅनेजर. “तुम्ही केबल पाहून घ्या मॅडम. सेन्सर तर आपण बदलूनच राह्यलो.”

यवतमाळात मी कॉम्प्युटर नेटवर्कची कामं घ्यायची. या जिनिंगचं नेटवर्क मीच टाकलं होतं, म्हणून फोन मला आला.

जिनिंगमध्ये कापसातून रुई वेगळी निघते आणि बी उरतं. ते बी म्हणजे सरकी. त्या वर्षांत कापसाच्या धंद्याचं सगळंच बिनसलं होतं. तेल गिरण्या सरकी उचलत नव्हत्या आणि शेडमध्ये तिचे डोंगर साचले होते. सरकी ओलसर राहिली तर आतल्या आत तापते, आणि फार तापली तर पेटते. आदल्या हंगामात शेजारच्या गावात एक शेड अशीच जळाली होती. तेव्हापासून जिनिंगच्या मालकांनी, शेठजींनी, ढिगांमध्ये सेन्सर खुपसून ठेवले होते. लांब पोलादी सळई, तिच्या टोकाला तापमान मोजणारा तुकडा. साठच्या वर गेलं की सायरन वाजायला हवा, अशी सोय. आदल्या रात्री तो थोडा वेळ वाजून आपोआप बंद पडला होता, म्हणून सगळ्यांनी सेन्सरच बिघडला असं धरलं होतं.

केबल मी तपासली. ठीक होती.

मग मी लॅपटॉप जोडला आणि नेटवर्कवरून काय जातंय ते पाहिलं. यंत्रं एकमेकांशी बोलतात ती छोट्या पाकिटांमधून. त्यांना पॅकेट म्हणतात. सगळ्या सळयांच्या तारा ज्यात येतात तो सेन्सरचा डबा तापमानाचा आकडा पॅकेटमध्ये भरतो, ते एन्कोडिंग. ऑफिसातला प्रोग्राम ते पॅकेट उघडून आकडा वाचतो, ते डिकोडिंग. या डब्याचं पॅकेट अगदी साधं होतं. पहिला बाइट, म्हणजे पहिला आकडा, सेन्सरचा नंबर, दुसरा तापमान, तिसरा त्या दोघांची बेरीज. बेरीज जुळली नाही तर समजायचं की वाटेत काहीतरी बिघडलं.

सात नंबरच्या प्रत्येक पॅकेटची बेरीज जुळत होती.

हे मला खटकलं. तुटक्या केबलमधून आकडे असे नीटनेटके येत नाहीत. शिवाय आकडा हलत होता. मी पाहत असतानाच उणे छप्पन्नचं उणे साडेपंचावन्न झालं. बिघडलेला सेन्सर एक तर गप्प बसतो, नाही तर वाटेल तशा उड्या मारतो. हा हळूहळू वर चढत होता.

डिकोडिंगचा प्रोग्राम पायथन या भाषेत होता, म्हणजे नोटपॅडमध्ये उघडून वाचता येणारा. तो नागपूरच्या एका माणसाने लिहून दिला होता. मी उघडला. तापमानाचा बाइट कसा वाचायचा, हे तिथे एका अक्षराने सांगितलेलं असतं. कॅपिटल बी लिहिलं तर बाइट शून्य ते दोनशे पंचावन्न असा वाचला जातो. स्मॉल बी लिहिलं तर प्रोग्राम धरून चालतो की आकडा उणेही असू शकतो. मग एकशे सत्तावीसपर्यंत सगळं बरोबर. एकशे अठ्ठावीस आला की तो त्याला उणे एकशे अठ्ठावीस वाचतो, आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा दोनशे छप्पन्नने कमी.

तिथे स्मॉल बी होतं.

डबा तापमान अर्ध्या अंशाच्या मापात पाठवायचा. म्हणजे चौसष्ट अंशांना एकशे अठ्ठावीस. चौसष्टच्या खाली सगळं खरं, तिथून पुढे सगळं उणे. आणि पुढच्याच ओळीत लिहिलेलं होतं: तापमान शून्याखाली आलं तर फॉल्ट समजा, सायरन बंद ठेवा.

मी कागदावर हिशेब केला. दोनशे छप्पन्नचे अर्धे, एकशे अठ्ठावीस अंश, परत मिळवले की उणे छप्पन्न म्हणजे बहात्तर.

“राठोड साहेब, सेन्सर बदलायला कोण गेलंय?”

“देविदास. शिडी लावून ढिगावर चढला असन आतालोक.”

आतून जळणाऱ्या ढिगाचा वरचा थर तसाच शाबूत दिसतो. त्यावर माणूस उभा राहिला तर खाली काय आहे ते त्याला कळतही नाही.

मी उठले तेवढ्यात देविदास स्वतःच दारात आला. नवा सेन्सर न्यायला विसरला होता. मी टेबलावरचा सेन्सर आधी उचलला.

“द्या ना मॅडम.”

“देत नाही. ढिगावर कुणी चढायचं नाही. प्रोग्राममध्ये एक अक्षर चुकलंय, मशीन बंद करा आणि माणसं बाहेर काढा.”

शेठजी आतल्या खोलीतून बाहेर आले. “काय लावलं बाई? शेडमधी शंभर माणूस काम करून राह्यला. तुमच्या एका अक्षरासाठी मशीन बंद करू का?”

“शेठजी, सात नंबरचा ढीग बहात्तरवर आहे.”

“अन् स्क्रीनवर काय लिहून हाय? फॉल्ट. त्या पोट्ट्यानं नागपूरहून येऊन बसवलं ते खोटं, अन् तुमचं खरं?”

तोंडी समजावण्यात वेळ गेला असता. कोपऱ्यात स्टोव्हवर चहा उकळत होता. मी नवा सेन्सर भिंतीवरच्या डब्यात रिकाम्या जागेवर जोडला आणि टोक पातेल्यात बुडवलं.

“स्क्रीन पाहा.”

चाळीस. पन्नास. साठ. सायरन कोकलला, सगळे दचकले. त्रेसष्ट. साडेत्रेसष्ट. मग एकदम उणे चौसष्ट, लाल अक्षरं, ‘सेन्सर फॉल्ट’. आणि सायरन गप्प.

चहा उकळतच होता.

शेठजी राठोडांकडे वळून ओरडले, “मशीन बंद करा! सारे माणसं बाहेर! फायर ब्रिगेडले फोन लावा!”

देविदास दाराची चौकट धरून उभा होता. “मी तर एक पाय टाकलता त्याच्यावर,” तो हळूच म्हणाला. “मले वाटलं, उन्हानं गरम हाय.”

नगर परिषदेचा बंब आला. बंबावरच्या जवानांनी आधी ढिगाला हात लावू दिला नाही; एकदम उघडला तर हवा लागून भडका उडतो. पाणी तयार ठेवून लोडरने बाजूने थोडा थोडा ओढला. तिसऱ्या ओढीला धूर निघाला, मग ज्वाळा. आतली सरकी काळी कोळसा झाली होती. शिडी टेकवली होती त्याच्या मागेच मधोमध पोकळी पडली होती, माणूस कमरेपर्यंत जाईल एवढी.

तो ढीग गेला. शेड वाचली, बाकीचे ढीग वाचले, माणसं सगळी घरी गेली.

संध्याकाळी नागपूरच्या त्या माणसाला फोन केला. तो हादरला. “मॅडम, मी पंख्याखाली ठेवून तपासला होता. हातात धरून तपासला. सगळे आकडे बरोबर येत होते.”

“चौसष्टच्या वर?”

“तेवढं तापवलं नव्हतं. उणे आकडा आलाच, तर सेन्सरच खराब समजायचा, असं धरून चाललो.”

मी कॅपिटल बी टाकलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. दुरुस्ती तेवढीच.

तो माणूस आळशी नव्हता. रोजचे आकडे त्याने नीट तपासले होते. पण रोजच्या आकड्यांवर बहुतेक प्रोग्राम बरोबरच चालतात. तेव्हापासून कुठल्याही यंत्राचं पॅकेट डिकोड करायला घेतलं, की मी सर्वांत मोठा आकडा आधी पाठवून पाहते.