राबाखालची बुरशी

आमच्या तलासरीच्या डोंगरउतारावरची मिरची एवढी तिखट, की चोच मारलेला कावळा पाण्यासाठी थेट डहाणूची खाडी गाठतो. मी स्वतः पाहिलंय. पण वहिनीच्या तुकड्यात गेली दोन वर्षं कावळ्याचीही सोय नव्हती. झाडं गुडघ्याला आली की माना टाकायची. उपटली तर मुळं काळी, कुजलेली.

"भाऊजी, यंदाही मर लागली तर हा तुकडा सोडला मी," वहिनी म्हणाली. "चिखल्याच्या वाड्यांत मजुरीने चिकू तोडायला जाईन."

दादा कुदळीचा दांडा ठोकत राहिला. लग्न होऊन आल्यावर त्या माळातले दगड तिनेच वेचले होते.

मी वाणगावहून ट्रायकोडर्माची पुडी आणली. ही चांगली बुरशी; मातीत राहते आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला खाते. "आत सगळे पैलवान आहेत," मी सांगितलं. "पुडी कानाला लावली तर दंड थोपटल्याचा आवाज आला."

"कानात मळ असेल तुमच्या."

तरी तिने पुडी शेणखतात कालवली, सावलीत ओल्या गोणपाटाखाली झाकली. खतावर हिरवट लव आली तेव्हा ते रोपांच्या वाफ्यावर पसरलं. मी मधेच वापीला लग्नाला गेलो. परतलो तर वाफ्यातून धूर! आमच्याकडे रोपांची जागा भाजल्याशिवाय बी पडत नाही; पालापाचोळा, शेण रचून पेटवायचं, त्याला राब म्हणतात. वहिनीने दरवर्षीसारखा राब रचला होता, त्या खतावरच.

"वहिनी, पैलवान भाजले की!"

"पुडीवर लिहिलंय का, राब भाजू नका म्हणून?"

नव्हतं लिहिलं. पुडी छापणाऱ्याने राब कुठे पाहिलाय? पण ती राखेकडे बघत बसली आणि मलाही पुढची थट्टा सुचेना. मी गप्प बसलो ही बातमी तेव्हा चारोटीपर्यंत गेली असणार.

"टोपलीभर उरलंय गोणपाटाखाली," शेवटी तीच म्हणाली. "पण भाजलेल्या मातीत ते काय करणार?"

तेव्हा मला पहिल्यांदा नीट विचार करावा लागला. विस्तवाने चांगलं-वाईट दोन्ही जातं. माती रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत आधी शिरेल त्याचं बस्तान बसतं. वाईट बुरशी आजूबाजूच्या मातीतून येणारच. तिच्याआधी आपली बसवायची, मी तिला सांगितलं.

"एसटीत रुमाल टाकतात तशी?"

"अगदी तशीच."

उरलेलं तिने नव्या शेणखतात वाढवलं. राख पूर्ण निवल्यावर, पाणी शिंपून, स्वतःच्या हाताने पसरलं. मला हात लावू दिला नाही.

वाफ्यातली रोपं उतारावर लावली आणि पावसाळ्यात वरच्या अंगाची मिरची अशी माजली, की मी लोकांना शिडी लावून तोडतो म्हणून सांगतो. उताराच्या तळाची एक ओळ मात्र मेली. मला वाटलं, आता वहिनी तुकडा सोडणार. तिने मेलेलं झाड उपटलं, मूळ बोटांत चोळलं, मग पायाखालचा चिखल दाबून पाहिला.

"इथे पाणी तुंबतं. चांगल्या बुरशीलाही श्वास लागत असेल ना?"

आणि भर पावसात ती चर खणायला लागली. दादा घरात गेला आणि दुसरी कुदळ घेऊन आला.