हैज्याच्या दिवसांतली शाळा

पंचफुलाबाई वानखडे रिठदजवळच्या एका वाडीत शाळा चालवायच्या. चार वर्ग आणि त्या एकट्याच शिक्षिका. कारंज्याला मामाकडे राहून शिकलेल्या, घराण्यातल्या पहिल्याच. १९७५च्या पावसाळ्यात वाडीत हैज्याची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. आठवड्यात दोन म्हातारी माणसं गेली आणि मग तिसरीतली कमली गेली. हजेरी घेताना तिच्या नावाशी बाईंची जीभ अडखळली.

सरपंच बाबूसिंग शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, कुलूप लावा. एकाले लागलं त समद्या पोरायले लागन."

ती धास्ती बाईंनाही होती. पण त्या कमलीच्या आईला भेटून आल्या होत्या. आजारी पडायच्या आधी पोर चार दिवस शाळेत आलीच नव्हती. आईसोबत शेतात निंदणाला जायची आणि नाल्याचं पाणी प्यायची.

"भाऊ, शाळा बंद केली त पोरं घरात बसतीन का? वावरात जातीन, नाल्यावर पाणी पेतीन. इथं मी उकळून देईन."

"अन् काही झालं त?"

"त मी जबाबदार. लिहून देऊ?"

बाबूसिंगांनी लिहून घेतलं नाही. "आठ दिवस पाहू," म्हणाले.

बाई चालत रिठदच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर म्हणाले, "मुलं एका जागी मिळणार असतील तर लस टोचायला माणूस पाठवतो. घरोघर फिरायला माझ्याकडे कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा बाहेर निंबाखाली भरली. पोरं लांब लांब बसवली, ज्याचा त्याचा पेला वेगळा. एकतीसपैकी सात आली. त्यातल्या चौघांनी पाण्याला हातच लावला नाही. बाई बौद्धवाड्यातल्या; त्यांच्या हंड्यातलं पिऊ नका, असं घरून बजावलेलं होतं. बाईंना ते लागलं. पण रुसून बसायची ती वेळ नव्हती. त्या तडक धुरपताबाईंच्या अंगणात गेल्या. त्यांचा नातू त्या चौघांत होता.

"मावशी, माह्या हातचं नको असन त नका पाजू. पन पाणी उकळलेलंच पाह्यजे. तुमी या, तुमी उकळा."

धुरपताबाईंनी घरातून आपला हंडा आणून पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, "चूल मांडून ठेव."

शाळेच्या अंगणात दोन चुली पेटल्या. चौथ्या दिवशी सरपण भिजलं आणि धुरपताबाईंची चूल काही केल्या पेटेना. त्यांनी आपला हंडा उचलला आणि बाईंच्या चुलीवर चढवला. त्यानंतर दुसरी चूल कोणी पेटवलीच नाही. टोचणीच्या दिवशी सव्वीस पोरं रांगेत होती.

पुढच्या सोमवारी गोविंद नावाचा पोरगा निंबाखालीच ओकायला लागला. बाईंनी त्याला बैलगाडीत घालून रिठदला नेलं. सलाइन लागलं, पोरगा वाचला. बाबूसिंग संतापले. "सांगतलं होतं ना तुमाले!"

बाईंनी एक दिवस शाळा बंद ठेवली आणि घरोघर जाऊन विचारपूस केली. गोविंद रविवारी नाल्यावर गुरं घेऊन गेला होता, तिथंच पाणी प्यायला होता. बाई सरपंचांकडे गेल्या.

"चूक माहीच झाली, भाऊ. मी रविवारची सुट्टी देली."

"मंग आता?"

"आता नाही देत."

बाबूसिंग उठले आणि त्यांनी गाडी जुंपली. मग त्यांनी स्वतःच्या गोठ्यातून गाडीभर कोरडं सरपण शाळेत टाकलं.

त्यानंतर साथ ओसरेपर्यंत, दीड महिना, शाळा रोज भरली, रविवारीही. वाडीत आणखी एक माणूस गेला. कमलीनंतर शाळेतलं एकही पोर गेलं नाही.