मशीन खराब नव्हतं

जपानमधल्या इचिकावा शहरातल्या आम्हा पुणे-मुंबईकरांची एक रीत होती. नवा कॉम्प्युटर घरी आला की त्यातली जपानी ऑपरेटिंग सिस्टिम पुसायची आणि कुणीतरी भारतातून आणलेल्या सीडीवरून इंग्रजी चढवायची. एकच सीडी घरोघर फिरायची, तीही जुन्या आवृत्तीची. नवी म्हणे मशीनला जड जाते. हे आम्ही इतक्या अधिकाराने सांगायचो की आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या घरी आलेला कॉम्प्युटर मात्र माझ्यासाठी नव्हताच. बायको सिटी हॉलच्या वर्गात तीन वर्षं जपानी शिकली होती. एका भाषांतर कचेरीने तिला घरून करायचं काम देऊ केलं. त्यांचं सॉफ्टवेअर फक्त जपानी सिस्टिमवर चालायचं. आहे तीच राहू दे, असं तिने मला दोनदा बजावलं. सोमवारी पहिलं काम पाठवायचं होतं.

रविवारी ती भाजी आणायला गेली आणि मी सगळं पुसलं. मूळ सिस्टिमची प्रत डिस्कच्या एका कोपऱ्यात ठेवलेली असते. जागा अडवते म्हणून तीही उडवली. म्हणजे परतीची वाटच नाही.

ती आल्यावर म्हणालो, "जपानीवालं खराब निघालं. सारखं बंद पडत होतं."

साफ खोटं. उत्तम चालत होतं. मला त्यातला एक मेन्यू वाचता येत नव्हता, एवढंच. पाच वर्षं जपान्यांचा पगार खाल्ला आणि जपानी कांजी अक्षरं दिसली की ऑफिसातल्या दुभाष्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. घरातही बायकोला विचारावं लागलं असतं. ते मला सोसणार नव्हतं.

सोमवारी तिने कचेरीतल्या बाईंना फोन केला. भिंतीसमोर उभी राहून जपानी रीतीने कमरेत वाकत होती. मला 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, तेवढं कळलं, सहा-सात वेळा. काम दुसऱ्या कुणाला गेलं. पुढे चार वर्षं ती कारखान्यात बेंतोच्या, म्हणजे विकायच्या तयार जेवणाच्या, डब्यांत भात भरत उभी राहिली, आणि मी मित्रांत हसून सांगायचो, हिला घरी बसवतच नाही.

गेल्या महिन्यात तिला खरं सांगितलं. ती कचऱ्यात द्यायचे पुठ्ठे बांधत होती. आता ओरडेल, असं वाटलं. तिने गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली.

"मग त्या दिवशी मी माफी कशाची मागत होते?"

मी पुठ्ठ्यांना हात लावला, तर तिने ते आपल्याकडे ओढून घेतले आणि एकटीच खाली गेली.