न चकाकणारी काच

छंद कुठलाही घ्या, वस्तू कमी जमतात आणि किस्से जास्त. आमचा छंद म्हणजे जुन्या सॅटिन ग्लासचे शोभेचे बाऊल. गुलाबी, पिस्ता, आकाशी. कडेला झालर, आणि काच अशी की चमकत नाही, पण हात फिरवला की रेशीम. आम्ही चौघं: मी, कामोठ्याच्या निवृत्त शिक्षिका सुलभाताई, महाप्याला नोकरी करणारे देसाई आणि वाशीजवळच्या गावातले म्हात्रे.

माझा पहिला बाऊल मी घरी ठेवून ऑफिसला गेले. संध्याकाळी बघते तर सासूबाई तो तारेच्या घासणीनं घासतायत, घामाघूम होऊन. म्हणाल्या, "फसवलं गं तुला. तासभर घासतेय, चकाकतच नाही."

रागवायचं ठरवलं होतं. शेवटी त्यांना चहा करून दिला.

*

देसाईंनी ऑनलाइन बाऊल मागवला. आठवडाभर मोबाईलवर ट्रॅकिंग चालू. खोका उघडला तर आत तीन तुकडे. देसाई जेवलेच नाहीत.

शेवटी त्यांची बायको म्हणाली, "अहो, एक मागवला, तीन आले. असं कुणाला मिळतं का?"

तेव्हा कुठे हसले.

*

म्हात्र्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. बायकोनं गडबडीत नवऱ्या मुलाला शिरा दिला तो नेमका त्यांच्या आकाशी बाऊलमध्ये. म्हात्रे सगळा वेळ मुलाच्या हातांकडे बघत बसले.

पाहुणे गेल्यावर बायकोनं विचारलं, "पोरगा कसा वाटला?"

"चांगला हाय. दोनी हातांनी धरला बाऊल."

लग्न झालं. संसार मस्त चाललाय.

*

म्हात्र्यांची आई नव्वदीची, तिला आता डोळ्यांनी दिसत नाही. पूर्वी ती पाटी घेऊन मासळी विकायची. एका गिऱ्हाईक बाईनं तिला तिच्या लग्नात असाच गुलाबी बाऊल दिला होता. घर बदलताना तो हरवला. ती अजून विचारायची.

गेल्या दिवाळीत आम्ही आपापले बाऊल घेऊन त्यांच्याकडे जमलो. आजीनं एकेकावरून हात फिरवला. सुलभाताईंच्या बाऊलपाशी थांबली. झालरीवरून दोनदा बोट फिरवलं.

"ह्यो माजा हाय," ती म्हणाली. "कोनी आनला?"

म्हात्रे ओशाळले. "आये, तो ताईंचा..."

"मी आणला, आजी," सुलभाताई म्हणाल्या. "तुमचाच आहे."

आजीनं तो मांडीवर घेतला, तो आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.

बाहेर आल्यावर ताईंच्या हातात रिकामा खोका. मी विचारलं, "ताई, हा तर तुम्ही महिन्यापूर्वी जयपूरहून आणला होता ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "रिक्षा बघा."