सासऱ्यांनी भाजलेला मसाला

सासूबाई गेल्या त्या वर्षी सासरे सिरोंचा सोडून आमच्याकडे माजरीला राहायला आले. नवरा कोळसा खाणीत नोकरीला, म्हणून आमचं घर म्हणजे कॉलनीतलं क्वार्टर. सासऱ्यांची सगळी हयात गोदावरीत जाळं टाकण्यात गेलेली. इथे त्यांना करायला काही नव्हतं. सकाळी चौकापर्यंत जायचे, परत यायचे आणि दारापुढच्या ओट्यावर बसून राहायचे.

त्यांचं जेवणही कमी झालं होतं. मी गोंडपिपरीची. आमच्याकडे मटण असो की मासा, मसाला एकच. धणे, खोबरं, दगडफूल, लवंग, मिरी, सगळं तेलावर काळपट होईपर्यंत भाजायचं. आई दर उन्हाळ्यात मला डबा भरून देते. एका रविवारी मी त्याच मसाल्यात रोहू केला. सासऱ्यांनी एकदोन घास खाल्ले आणि ताटावर हात तसाच धरून बसले.

"मामाजी, काऊन नाई जेवत?" मी विचारलं.

"वाईट नाई झालं, बाई," ते म्हणाले. "पण मटनावानी लागते. मासा कुठी गेला, समजतच नाई."

मला राग आला. नवरा काहीतरी बोलणार होता, मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. पण दुपारी चहा देताना राहवलं नाही. विचारलं, "मामीजी माशात काय टाकत होत्या?"

"मले काय माहीत? तिनं टाकावं, मी खावं." मग म्हणाले, "वास मात्र ध्यानात हाये. नदीवरून आलो का दारातच यायचा."

मग मी शेगडी ओट्यावर आणली. घरात होतं नव्हतं ते एकेक चिमूट भाजायचं आणि त्यांच्या नाकाशी धरायचं. धणे, "हाये." जिरं, "हाये, पण थोडं." दगडफुलाला त्यांनी हातानेच नाही म्हटलं. मेथ्या तडतडल्या तसे ते पुढे वाकले. "मेंतुलु!" ते तेलुगूत म्हणाले. घरात ते सासूबाईंशी त्याच भाषेत बोलायचे.

मेथ्या किती भाजायच्या यावर आमचं जमेना. मी कढई उतरवायला गेले की ते म्हणत, "आणखी." शेवटी त्या काळ्याठिक्कर झाल्या. कुटून पाहिलं तर सगळा घाणा कडू. तो तसाच फेकला. त्यांनी कढईत हलवायचा सराटा माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "आता मी पाहतो." आयुष्यात कधी चुलीजवळ न बसलेला माणूस पाय दुमडून शेगडीपुढे बसला.

नव्या मेथ्या लालसर होताच काढून त्यांनी लाल मिरच्या टाकल्या आणि धूर उठला. शेजारीण तोंडावर पदर धरून बाहेर आली.

"काय करून राह्यले जी? लेकरं खोकलून राह्यली आमची!"

सासरे ओशाळले. "मसाला करतो, बाई. झालंच."

तिने त्यांच्या हातातला सराटा पाहिला आणि खोकता खोकता हसायला लागली. घरात जाऊन तिने खिडक्या लावल्या, मग आपला खलबत्ता घेऊन आली. त्यात तिने मिरच्या घेतल्या, आमच्या खलबत्त्यात सासऱ्यांनी लसूण आणि मीठ. जाळं ओढलेले हात होते, लसणाचा लगदा व्हायला वेळ लागला नाही. तो नुकत्याच भाजलेल्या मसाल्यात मिसळला, तरी ते मान हलवत राहिले. काहीतरी राहिलं होतं. शेजारणीच्या अंगणातली गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, पानं भाजून चुरली, तेव्हा कुठे ते थांबले.

"इथीपर्यंत बरोबर हाये," म्हणाले.

आणि मग बोलायलाच लागले. सासूबाई लहान मासे साफ करायला कशा कंटाळायच्या, जाळ्यात लहानच आले तर हे घरी यायला कसे घाबरायचे. ते आल्यापासून त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. शेजारीण पुन्हा पुन्हा विचारत होती, ते सांगत होते.

संध्याकाळी नवऱ्याने बाजारातून पुन्हा मासा आणला. चिंचेचा कोळ घालून पातळ रस्सा केला. सासऱ्यांनी पहिला घास घेतला. मी समोरच बसले होते.

"तिच्यासारखा नाई," ते म्हणाले. "पण मासा हाये." आणि भात वाढून घेतला.

आता घरात दोन डबे असतात. मटण मी माझ्याच मसाल्यात करते, सासरे त्यावर त्यांचा मसाला भुरभुरून घेतात. नवरा दोन्ही मिसळून खातो, आणि त्या बाबतीत सासऱ्यांचं आणि माझं एकमत आहे की त्याला चव कळत नाही. मागच्या वेळी आई आली तेव्हा तिने सासऱ्यांच्या मसाल्यातला मासा चाखला. जाताना तिने एक रिकामी बरणी पुढे केली. सासऱ्यांनी ती गच्च दाबून भरली आणि वरून फडकं बांधून दिलं.