फेझच्या व्हिडिओत बाबा कुठेत?

मोरोक्कोचा व्हिडिओ कधी टाकतेस म्हणून रोज विचारताय ना सगळे? आजही नाही जमला. कारण सांगते.

यंदा बाबा नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, कॅरीला आले होते. स्प्रिंग ब्रेकला त्यांना घेऊन आम्ही फेझला गेलो. हजार वर्षं जुनं शहर. गल्ल्या इतक्या अरुंद की लादलेलं खेचर आलं की भिंतीला चिकटून उभं राहायचं. बाबा प्रत्येक दारापाशी थांबून नक्षीवर हात फिरवायचे. आणि मी ओरडायचे, "बाबा, फ्रेममधून बाजूला व्हा ना!"

बाबा वारले, त्याला महिना झाला. आज पहिल्यांदाच ते फुटेज एडिट करायला घेतलं. लेक शेजारी बसून बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, व्हेअर इज आजोबा?"

आजोबा नव्हतेच. दारं होती, कारंजी होती, सगळं सुंदर आणि रिकामं. मीच तसं शूट केलं होतं.

चामडं रंगवतात तिथे वास सहन व्हावा म्हणून हातात पुदिना देतात. त्या एका क्लिपमध्ये कडेने एक हात येतो, स्वतःचा पुदिना माझ्यापुढे धरणारा. बाबा दिसतात ते एवढेच.

मग कॅमेऱ्यामागून त्यांचा आवाज येतो, "झालं का गं? येऊ का आता?"

आणि मी म्हणते, "थांबा हो बाबा, अजून एकच."

क्लिप तिथेच संपते. आता त्यांना 'या' कसं म्हणू, सांगा ना कुणीतरी.